मेसन स्ट्रीटची शाळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या ओल्ड टाउन या जुन्या वस्तीतल्या १८६५च्या शाळेवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल आपण स्पष्ट नाराजी कळवलीत. आपलं म्हणणं असं, की मेक्सिकोकडून घेतलेल्या मुलुखात स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांवर इंग्रजी लादण्याचं ते ठाणं होतं, मग ही शाळा होती तरी कोणाची? पहिल्या शिक्षिका मेरी चेस वॉकर यांचं मी नको इतकं कौतुक केलं. आणि जेवणाच्या प्रसंगासारख्या गावगप्पांना इतिहास म्हणू नये.

भाषेबद्दल आपल्याशी माझं भांडण नाही. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १८४९च्या कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत छापायचे होते, पण १८५५पासून शाळेत शिकवायचं ते फक्त इंग्रजीतून. मेरीबाई मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या. बोटीतून उतरल्या तेव्हा समोर उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि पडझड झालेली मातीच्या विटांची घरं. आजवर पाहिलेल्या गावांत हे सगळ्यात वाईट, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. वर्गात बहुतेक मुलं स्पॅनिश आणि मिश्र घरांतली. वाचन, शुद्धलेखन, गणित, पत्र कसं लिहावं, एवढंच त्यांनी शिकवायचं ठरवलं, कारण मुलांना तेच उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं. बैलझुंज किंवा फिएस्ता, म्हणजे सण-उत्सव, असला की थोरल्या मुली आठवडाभर फिरकत नसत. गावाने शाळेपुढे मान तुकवली होती असं यावरून तरी दिसत नाही.

पण जेवणाच्या प्रसंगावर मी मागे हटणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून येताना मेरीबाईंना बोट लागली तेव्हा बोटीवरच्या एका परिचारिकेने त्यांची काळजी घेतली होती. ती बाई अंशतः कृष्णवर्णीय. पुढे ती गावात आली, तेव्हा मेरीबाई तिला फ्रँकलिन हाउस या हॉटेलात जेवायला घेऊन गेल्या. भोवतालची माणसं पानावरून उठून गेली आणि नंतर काही पालकांनी मुलंच शाळेतून काढली. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं आणि गावात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची बाजू घेणारे पुष्कळ होते. याच राज्याने १८६० साली कृष्णवर्णीय, चिनी आणि मूळनिवासी मुलांना सार्वजनिक शाळांची दारं बंद केली होती. त्यांना वर्गात घेणाऱ्या शाळेचा निधी रोखण्याची तरतूद होती. एका जेवणाने वर्ग ओस पडू लागतो तो अशा राज्यात. ही शाळा कोणाची होती, या आपल्याच प्रश्नाचं इतकं उघड उत्तर मला दुसरीकडे सापडत नाही, आणि तेच आपण गप्पा म्हणून बाजूला सारताय! मला याचं खरोखर वाईट वाटलं.

मेरीबाई लग्न करून निघून गेल्या, मग कसली हिंमत, असंही आपण विचारलंत. विश्वस्तांपैकी एकाने बजावलं होतं, की या लोकांच्या समाधानासाठी शिक्षिकेला काढण्यापेक्षा मी शाळेचे पैसे खाडीत फेकेन. म्हणजे नोकरी टिकवायला पाठबळ होतं. तरी महिना ६५ डॉलरची ती नोकरी त्यांनी ११ महिन्यांनी सोडली आणि १८६६च्या डिसेंबरात शाळेच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख एफ्रेम मोर्स यांच्याशी लग्न केलं. वाद चिघळला असता तर शाळाच बंद पडली असती. त्या हरल्या असं आपण म्हणता. मुलांचा वर्ग चालू राहावा म्हणून त्या बाजूला झाल्या, असं मी मानतो.

ती इमारत पुढे हलवली गेली, तिथे तमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) विकले जात, मग १९५०च्या दशकात तिची डागडुजी होऊन संग्रहालय झालं. पाहुण्यांना घेऊन ओल्ड टाउनला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना तमाल्यांचा किस्सा हमखास ठाऊक असतो. फ्रँकलिन हाउसचा नसतो, म्हणूनच लेखात मी त्याला सगळ्यात जास्त जागा दिली. ती मी कमी करणार नाही. १८५५च्या भाषानियमावर मात्र स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. तो झाला की आपण जरूर वाचावा आणि इतक्याच परखडपणे लिहावं.