झेंड्याला हात न करणारी मुलं

अमेरिकेतल्या नागरी स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास ऐकू येतं: तिथल्या घटनाकारांनी १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या करून हक्क लिहून दिले आणि तेव्हापासून तिथला माणूस मोकळा झाला. मला हे पटत नाही. त्या दहा दुरुस्त्या फक्त केंद्र सरकारला लागू होत्या. राज्य सरकारनं अन्याय केला तर त्यांचा आधार घेता येणार नाही, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयानं १८३३ मध्ये सांगितलं होतं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, आणि तिच्या आधारानं एकेक हक्क राज्यांवर बंधनकारक होण्यात विसाव्या शतकाचा बराच भाग गेला. हे काम पुष्कळदा अशा लोकांनी करून घेतलं, ज्यांना गावात कुणी दारात उभं करत नव्हतं.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं प्रकरण सांगते.

पेनसिल्व्हेनियात मायनर्सव्हिल हे कोळसा खाणींचं गाव. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शाळेत दहा वर्षांच्या विल्यम गोबायटसनं आणि त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीनं, लिलियननं, झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. घर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. देवाखेरीज कशालाही वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. त्या काळी सलामी देताना उजवा हात झेंड्याच्या दिशेनं ताठ पुढे करायचा असे. त्याच काळात जर्मनीत याच पंथाचे लोक हिटलरच्या नावानं हात वर करायला नकार देत होते आणि छळछावण्यांत जात होते. इकडे मायनर्सव्हिलमध्ये दोन्ही मुलांना शाळेतून काढून टाकलं. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यावर बहिष्कार पडला.

३ जून १९४० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आठ विरुद्ध एक, मुलांच्या विरोधात. युरोपात फ्रान्स कोसळत होता, अमेरिकेत भीतीचं वातावरण होतं. निकाल लिहिला न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, लहानपणी अमेरिकेत आलेले, न्यायाधीश होण्याआधी नागरी स्वातंत्र्यासाठी भांडलेले. राष्ट्रीय ऐक्य हा सुरक्षेचा पाया आहे आणि ते कसं घडवायचं हे न्यायालयानं शाळा मंडळांना शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते दुष्ट वाटत नाहीत आणि म्हणूनच तो निकाल वाचताना जास्त त्रास होतो. इतका शहाणा, सोसलेला माणूससुद्धा युद्धाच्या भीतीनं असा विचार करू शकतो! विरोधात उभे राहिले एकटे हार्लन स्टोन.

निकालाचा अर्थ जमावानं आपल्या सोयीनं लावला. आठवड्याभरात मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये या पंथाचं सभागृह जाळलं गेलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवूडमध्ये पंथाच्या माणसांना धरून बळजबरीनं एरंडेल पाजलं गेलं, आणि त्यात कायद्याचा रखवालदारच पुढे होता.

दोनच वर्षांनी, १९४२ मध्ये, आठांपैकी तीन न्यायमूर्तींनी दुसऱ्या एका खटल्यात लिहून टाकलं की तेव्हा आमचं चुकलं. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळानं सलामी सक्तीची केली होती. चार्ल्सटनजवळच्या एका छोट्या शाळेतून याच पंथाच्या, सलामी न देणाऱ्या गॅथी आणि मारी बार्नेट या बहिणींना घरी पाठवलं गेलं. नियमाप्रमाणे अशी मुलं ‘बेकायदा गैरहजर’ धरली जायची आणि आईबापांना दंड नि तुरुंग होऊ शकत होता. (दोन्ही घरांची आडनावं न्यायालयाच्या कागदांत चुकीची लागली आहेत आणि इतिहासात तशीच राहिली आहेत.)

१४ जून १९४३. अमेरिकेचा झेंडा दिन. बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयानं आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. निकाल लिहिणारे रॉबर्ट जॅक्सन यांचं म्हणणं असं: मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत, ते कुठल्याही निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नसतात. सक्तीनं मतं एकसारखी करायला गेलात तर हाती येईल ती स्मशानातली एकवाक्यता. हे सगळं ऐन महायुद्धात लिहिलेलं आहे. आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. जॅक्सननी हा हक्क केवळ त्या पंथाच्या श्रद्धेवर उभा केला नाही, तो अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर उभा केला. त्यामुळे तो देव मानणाऱ्याचा झाला, न मानणाऱ्याचाही झाला.

पण याच न्यायालयानं बरोबर एका आठवड्यानं, २१ जूनला, जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांवरची संचारबंदी एकमतानं वैध ठरवली. गॉर्डन हिराबायाशी हा सिएटलचा विद्यार्थी त्यात हरला. त्याची शिक्षा पुसली जायला १९८७ उजाडलं. तोच जॅक्सन, तेच बाकीचे न्यायमूर्ती. निकालांची बेरीज करून कुणी ‘अमेरिका महान’ म्हणतं, कुणी ‘अमेरिका ढोंगी’ म्हणतं. मला दोन्हीत रस नाही. मला दिसतात ती माणसं, ज्यांनी हरल्यावरही कागद पुढे सरकवला.

आपल्याशी याचा थेट संबंध आहे. १९८५ मध्ये केरळमध्ये याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं झेंड्याच्या सलामीचे हे दोन्ही अमेरिकन निकाल समोर ठेवले, त्यांवर चर्चा केली आणि मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही, आणि उभं राहणं हाच आदर आहे, असं न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलं.

मी राष्ट्रगीताला उभी राहते, मोठ्यानं गाते आणि गाताना दर वेळी गळा दाटतो. तरीही शेजारी कुणी ओठ मिटून उभं असेल तर त्याला जाब विचारायचा अधिकार ना मला आहे, ना शाळेला, ना गर्दीला. ‘सक्ती केली तर बिघडतं काय?’ असं लिहिणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर वाद घालावा. पण त्याआधी केनेबंक आणि रिचवूडमध्ये काय झालं त्याचं उत्तर द्यावं.