कांदा सोडला म्हणजे नेम झाला?

आषाढी जवळ आली की कांदेनवमीला घरोघर भज्यांचा घाणा निघतो आणि दोन दिवसांनी सगळ्यांना प्रश्न पडतो, यंदा चातुर्मासात काय धरायचं? एक जानेवारीच्या संकल्पांची आपण चेष्टा करतो. चातुर्मासाचा नेम मात्र त्याहून कितीतरी घट्ट बांधलेला असतो. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, मोजमाप आहे, वर उद्यापनाच्या दिवशी हिशेबही द्यायचा असतो. तरीही गणपती येईपर्यंत बऱ्याच जणांचा नेम सुटलेला असतो आणि मग खापर फुटतं ते स्वतःच्या श्रद्धेवर. माझ्या मते श्रद्धा बिचारी जागेवरच असते, आधी गणित कुणी केलेलं नसतं.

संकल्प कसा सोडतात ते आठवा. शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग गोदावरीचा कुठला तीर. मग गोत्र आणि नाव. मग काय करणार आणि कशासाठी. शेवटी 'करिष्ये' म्हणून पळीभर पाणी उजव्या हातावरून ताम्हनात. म्हणजे कोण, कुठे, केव्हापासून, काय, कशासाठी, सगळं ठरलेलं. यात 'जमेल तसं' कुठेच बसत नाही. आणि आपण काय म्हणतो? 'यंदा राग कमी करणार.' कमी म्हणजे किती? रात्री झोपताना आज पाळलं की मोडलं याचं एका शब्दात उत्तर देता आलं नाही, तर तो नेम नव्हे, नुसती इच्छा. 'जेवताना बोलणार नाही' हा नेम.

आता गणित. आषाढी ते कार्तिकी साधारण १२० दिवस. २०२५ साली ६ जुलै ते २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून बरोबर १२०. पण २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि चातुर्मास १४८ दिवसांचा झाला. म्हणून आधी कालनिर्णय उघडून दिवस मोजा, मग रोजचा वाटा ठरवा.

लाख जपाचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. माळेत १०८ मणी, पण मोजायचे शंभर. वरचे आठ चुकलेल्या-निसटलेल्या नामांसाठी सोडायची पद्धत आहे. म्हणजे लाखाला १००० माळा. १२० दिवसांत बसवायच्या तर रोज आठ माळा आणि थोडं वर. रोज नऊ धरल्या तर ११२ दिवसांत पुरं होतं आणि आठ दिवस हातात उरतात. इथपर्यंत सगळे येतात. मिनिटांचा हिशेब मात्र कुणी करत नाही. तेरा अक्षरी राममंत्र सावकाश म्हटला तर एका माळेला पाच-सहा मिनिटं लागतात. नऊ माळांना पाऊण तासाच्या वर. सकाळी डबे, शाळेची बस आणि सातची लोकल असलेल्या घरात हा पाऊण तास कुठून येणार? तो आधी घड्याळात दाखवता आला नाही तर लाखाचा संकल्प सोडूच नका. रोज दोन माळा धरा. १२० दिवसांत २४ हजार नाम होतं, तेही पूर्ण झालेलं.

वाचनाचंही असंच. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, चातुर्मासाचे सतरा आठवडे, म्हणून 'आठवड्याला एक अध्याय' असं ठरवतात आणि फसतात. पहिला अध्याय पावणेतीनशे ओव्यांच्या आसपास, बाराव्यात त्याहूनही कमी, तेराव्यात साडेअकराशेच्या वर आणि अठरावा अठराशेच्या घरात. सुरुवातीला वाटतं, काय सोपं आहे! तेराव्याला घोडं अडतं आणि अठरावा दिवाळीनंतर अंगावर येतो. त्यापेक्षा ओव्या मोजा. एकूण सुमारे नऊ हजार, म्हणजे रोज ७५. अध्याय कुठेही तुटू दे, खूण घाला आणि पोथी बांधा. पहिल्यांदाच नेम धरणाऱ्याला मी दासबोध सुचवेन. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, एकूण २००. रोज दोन म्हटले की शंभर दिवस आणि वर वीस दिवसांची ऐसपैस सूट.

ही सूट हवीच. चातुर्मास म्हणजे सणांचा काळ. गणपतीत घरात दहा पाहुणे आणि आरत्या, पितृपंधरवड्यात स्वयंपाकघर आटोपत नाही, नवरात्रात जागरणं, दिवाळीत फराळ. गोड सोडणाऱ्यांचा नेम चकलीला नाही, बेसनाच्या लाडवाला मोडतो. संध्याकाळी फिरायला जायचा नेम आषाढातच पावसात वाहून जातो. मुंबई-कोकणात तर जुलैत धरूच नये, घरातल्या घरात बारा सूर्यनमस्कार घाला. कसोटी साधी आहे. वर्षातला सगळ्यात गडबडीचा दिवस डोळ्यासमोर आणा. गौरी जेवणाचा म्हणा. त्या दिवशी जेवढं होईल तेवढाच नेम. बाकीच्या दिवशी जास्त झालं तर चांगलंच, पण वहीत लिहायचं ते तेवढंच.

खाण्याच्या नेमांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. कांदा, लसूण, वांगं सोडणं ठीक आहे, पण ज्याला वांगं मुळात आवडत नाही त्याने ते सोडून काय साधलं? आणि उपवास म्हणून साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपणच केली आहे. एकभुक्त धरायचं तर एका जेवणात दोन जेवणं कोंबायची नाहीत. धारणे-पारणे, म्हणजे एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, हे कडक व्रत आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, साखर एकदम खाली येऊ शकते. गोळी घेतली म्हणून व्रत मोडत नाही. ज्या गोष्टींनी व्रत भंगत नाही अशा आठ गोष्टी महाभारतात सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध यांच्याबरोबर औषधही आहे.

मला विचाराल तर सगळ्यात कमी वापरलेला आणि सगळ्यात कामाचा जुना नेम म्हणजे मौनभोजन. आजच्या घरात त्याचा अर्थ फोनही गप्प. ताट वाढल्यावर फोन दुसऱ्या खोलीत. शेजारी पालथा ठेवला तर चौथ्या घासाला हात जातोच. सुरुवात रात्रीच्या एकाच जेवणापासून करा आणि घरच्यांना आधी सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी 'काय झालं, रागावलात का?' सुरू होतं.

पैशाचा नेम लोक धरतच नाहीत, खरं तर त्याची सोय परंपरेतच आहे. जी वस्तू सोडली ती उद्यापनाला दान द्यायची आणि मग पुन्हा सुरू करायची. याचंच रोजचं रूप करा. बाहेरचा वीस रुपयांचा चहा सोडलात तर ते वीस त्याच दिवशी डब्यात. महिनाअखेरीस एकदम टाकू म्हटलं की ते भाजीत जातात. १२० दिवसांचे २४०० होतात. कुणाच्या शाळेच्या वह्या, कुणाचं महिन्याचं औषध त्यात बसतं.

देहाचा एक, वाचेचा किंवा वाचनाचा एक, पैशाचा एक. तीन नेम पुष्कळ झाले. चौथा धरला की पहिले तीन गळायला लागतात.

मध्ये दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. तिसऱ्या दिवशी तिप्पट साठतं आणि चौथ्या दिवशी पोथी कपाटात जाते. हातातल्या जादा दिवसांतला एक खर्च करा आणि पुढे चला. सोयरसुतक किंवा पाळी आली म्हणून पूजा थांबवणाऱ्या घरांतही नाम थांबवायचं कारण नाही. 'काळवेळ नाम उच्चारितां नाहीं' हे हरिपाठातच आहे. म्हणून एक तरी नेम असा असावा की त्याला देव्हारा, सोवळं, वीज, काही लागत नाही.

बौद्ध वस्त्यांमधल्या विहारांत वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, धम्मग्रंथाचं सामुदायिक वाचन चालतं. तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. वाचन ठरल्या वेळी सगळ्यांसमोर होतं, त्यामुळे आज कोण आलं नाही ते आपोआप कळतं. घरी एकट्याने नेम धरणाऱ्याने निदान एका माणसाला रोज रात्री 'झालं' एवढा मेसेज टाकावा.

आणि कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, वही उघडून खुणा मोजा. १२० पैकी ९७ भरल्या तर ९७ लिहा, पुढच्या आषाढात वाटा ठरवताना तोच आकडा लागेल. डब्यातले पैसे त्याच दिवशी पोचते करा, देवदिवाळीपर्यंत लांबवू नका. सोडलेली वस्तू आधी दुसऱ्याच्या हातावर, मग स्वतःच्या ताटात. आणि चार महिन्यांनी कांदा खाताय, तर पहिल्याच रात्री भज्यांचा घाणा नको. पोट अजून चातुर्मासातच असतं.