महादरवाजा वगळून रायगड कसा पाहणार?

‘मुंबईहून पहाटे निघून रोपवेने गेल्यास रायगड दोन तासांत पाहून होतो’ हे रायगडावरील लेखातील विधान पटले नाही. वृद्धांसाठी रोपवे ही मोठीच सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्याने वर पोहोचणारा पर्यटक मेणा दरवाजाच्या बाजूने थेट राणीवशापाशी उतरतो आणि महादरवाजा, म्हणजे गडाचे मुख्य प्रवेशद्वार, त्याच्या वाटेत येतच नाही. दोन बुरुजांच्या वळणाआड दडवलेला तो दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि खालून धापा टाकत आल्याशिवाय ही रचना शत्रूला किती जड गेली असेल हे कळत नाही.

वरचे लाकडी महाल १८१८ च्या इंग्रजी तोफमाऱ्यानंतर लागलेल्या आगीत गेले. उरली ती जोती. ती नुसती पाहून ‘इथे काही नाही’ म्हणत परतणारे अनेक मुंबईकर मला भेटले आहेत (त्यांची घाई अर्थात परतीच्या वाहतूक कोंडीची). गडावरील जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरील ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ ही गड बांधणाऱ्या हिरोजींची अक्षरे वाकून वाचायलाही सवड हवी. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पायऱ्यांनी चढावे आणि उतरताना खुशाल रोपवे घ्यावा.