मागच्या दरवाजाशी

आठवड्यातून दोन रात्री, साडेनऊच्या सुमारास, मी एका मोठ्या रिटेल साखळीच्या शाखेच्या मागच्या दरवाजाशी उभी असते. गेली सहा वर्षं. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. दिवसभरात विकला न गेलेला, पण अजून चांगला असलेला माल आम्ही उचलतो आणि त्याच रात्री जवळच्या दोन निवारा केंद्रांत पोचवतो. साखळीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही सांगायची आहे आणि ती इतर साखळ्यांनाही लागू पडेल.

परवा ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "या मोठ्या कंपन्या आजूबाजूच्या लोकांसाठी खरंच काही करतात का गं, की सगळं फोटोपुरतं?" तिथल्या तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मोठं झालंय, सवडीने वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. एखादी शाखा आपल्या परिसराला किती उपयोगी पडते, हे कंपनीच्या देणगीच्या आकड्यावरून कळत नाही. त्या शाखेतल्या माणसांना किती गोष्टी स्वतःहून ठरवता येतात आणि त्यासाठी कामाच्या वेळेतला किती वेळ मिळतो, यावरून ते कळतं.

पैशाला मी कमी लेखत नाही. अमेरिकेतली टार्गेट ही साखळी ज्या डेटन कंपनीतून उभी राहिली, तिने १९४६ पासून नफ्यातले पाच टक्के समाजासाठी बाजूला काढायला सुरुवात केली आणि ती प्रथा पुढे चालू राहिली. एवढी वर्षं एखादी गोष्ट टिकवणं सोपं नसतं. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढायला सांगतं. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात लिहिलेलं आहे. मला ते वाक्य फार आवडतं. पण खर्च कशावर करायचा हे सुचवते संचालक मंडळाची समिती. समोरच्या शाळेत काय कमी आहे, कोणत्या आजी हल्ली एकट्याच येतात, कोणाचं सामान गेल्या दोन महिन्यांत निम्म्यावर आलंय, हे बिलिंग काउंटरवरच्या मुलीला माहीत असतं. त्या समितीपर्यंत तिचं म्हणणं पोचायची वाटच नसते.

आता मागच्या दरवाजाशी काय चालतं ते सांगते, कारण बाहेरून ते दिसत नाही.

दुकान बंद व्हायच्या आधी कोणीतरी शेल्फवरून तारखा बघत फिरतं. आज काढायचा माल वेगळा निघतो. त्यातली प्रत्येक वस्तू स्कॅन करून सिस्टीममधून कमी करावी लागते, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये स्टॉक जुळत नाही. मग निवड करायची. तारखेनंतर खाऊच नये असं काय, तारखेनंतर चव जरा उतरेल पण चालेल असं काय, कुठलं पाकीट फाटलंय, काय थंड ठेवावं लागेल. ते सगळं क्रेटमध्ये भरायचं, आम्ही येईपर्यंत कोल्डरूममध्ये ठेवायचं, वजन करायचं, वहीत लिहून सही घ्यायची. सरावलेल्या माणसाला पंचवीस मिनिटं लागतात. तेच सगळं उचलून कचऱ्यात टाकायला पाच.

ती मधली वीस मिनिटं कोणाची, यावर सगळं ठरतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा तिथे जे मॅनेजर होते त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिफ्टच्या तक्त्यात एका नावापुढे 'देणगीचा माल' असं लिहिलं. बस, एवढंच केलं. पण त्यामुळे ते काम एका माणसाचं झालं, त्याच्या पगारी वेळेतलं. त्याला ड्युटी संपल्यावर थांबावं लागलं नाही, आणि आम्हालाही कधी उपकार मागितल्यासारखं वाटलं नाही. त्या माणसाचा माझ्या मनात फार आदर आहे.

फूड बँकेची कल्पनाही दुकानाच्या मागच्या बाजूनेच आली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका सार्वजनिक भोजनगृहात स्वयंसेवक होते. मुलांचं पोट भरायला किराणा दुकानांमागच्या कचरापेट्या धुंडाळणाऱ्या एका आईशी त्यांचं बोलणं झालं. पैसे ठेवायला आणि काढायला बँक असते तशी अन्नाची का नको, हा विचार तिथून निघाला आणि १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. आज जगभर जे पसरलंय त्याची सुरुवात अशी, कचरापेटीपाशी.

अनेक वर्षं दुकानदारांचा एक खरा अडसर होता. दिलेलं खाऊन कोणी आजारी पडलं तर खटला आपल्यावर येईल, ही भीती. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. फ्रान्सने पुढचं पाऊल टाकलं. फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगा माल मुद्दाम नासवायला बंदी केली आणि संस्थांशी देणगीचा करार करायला लावला. कुर्बव्वा या गावचे नगरसेवक अराश देरांबार्श यांनी त्यासाठी सह्यांची मोहीम चालवली होती. कायद्याने दार उघडतं, हे मी मान्य करते. पण क्रेटमध्ये काय भरलं जाईल, तारखेला चार तास उरलेला माल की दोन दिवस उरलेला, हे तिथे उभा असलेला माणूसच ठरवतो. चार तास उरलेला माल आम्ही रात्री दहाला नेऊन करायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या कचऱ्यात जातो, इतकाच फरक.

शाखेच्या हातात निर्णय दिला की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण २००५ चं आहे. २९ ऑगस्टला कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं. वॉलमार्ट या तिथल्या मोठ्या साखळीचे तेव्हाचे प्रमुख ली स्कॉट यांनी खालपर्यंत निरोप दिला होता: तुमच्यापैकी अनेकांना आपल्या पदाच्या वरचे निर्णय घ्यावे लागतील, त्या क्षणी हाताशी असलेल्या माहितीवर जे योग्य वाटेल ते करा. मिसिसिपीतल्या वेव्हलंडमध्ये दुकान पाण्याने उद्ध्वस्त झालं होतं. तिथल्या सहायक मॅनेजर बाईंनी बुलडोझर घालून आत वाट काढली, पाण्यापासून वाचलेला माल पार्किंगमध्ये मांडला आणि लोकांना वाटला. रुग्णालयाला औषधं हवी होती, तर त्यांनी दुकानातल्या औषधविभागाचं कुलूप फोडून ती दिली. लुइझियानातल्या केनरमध्ये एका कर्मचाऱ्याने फोर्कलिफ्टने गोदामाचं दार पाडलं, कारण वृद्धाश्रमातल्या माणसांना पाणी हवं होतं. मॅरेरोमध्ये शाखा स्थानिक पोलिसांना मुख्यालय म्हणून आणि झोपायला जागा म्हणून देऊन टाकली. यातलं एकही काम वरून आदेश येईपर्यंत थांबलं असतं तर वेळेवर झालं नसतं. हे वाचलं की मला दरवेळी त्या बाई दिसतात, हातात किल्ली नाही, समोर बंद कपाट, आणि बाहेर लोक वाट बघतायत.

जपानने तर हे कागदावरच आणलं. तिथल्या सरकारने २०१७ मध्ये सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट आणि इऑनसारख्या रिटेल कंपन्यांना आपत्तीच्या कायद्याखाली नियुक्त सार्वजनिक संस्थांचा, म्हणजे संकटात मदतीची जबाबदारी असलेल्या संस्थांचा, दर्जा दिला. वीज, रेल्वे, टपाल यांच्या रांगेत दुकान. २०११ चा भूकंप आणि त्सुनामी पाहिलेल्या देशाला कोपऱ्यावरच्या दुकानाची किंमत वेगळी समजवायला नको.

पण वादळ रोज येत नाही. माझा जीव जास्त अडकतो तो रोजच्या गोष्टींत. नेदरलँड्समधल्या युम्बो या साखळीने २०१९ मध्ये फ्लाइमन या गावात एक वेगळा काउंटर सुरू केला. नाव 'क्लेट्सकासा', म्हणजे गप्पांचा काउंटर. ज्याला घाई नाही, ज्याला दोन शब्द बोलायचेत, त्याने या रांगेत उभं राहायचं. कॅशियरही घाई करणार नाही. एकटेपणाविरुद्ध तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जी मोहीम उघडली होती तिचा हा भाग होता. पुढे २०२१ मध्ये असे काउंटर दोनशे शाखांत नेण्याचं कंपनीने जाहीर केलं. ऑस्ट्रेलियातल्या कोल्सने २०१७ मध्ये ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या, गोंगाट आणि झगमगाट सहन न होणाऱ्या ग्राहकांसाठी आठवड्यातला एक तास शांत ठेवायला सुरुवात केली: दिवे मंद, रेडिओ बंद, घोषणा नाहीत. ज्या आईला मुलाला घेऊन दुकानात पाऊल टाकायची धास्ती वाटते तिला या तासाचं मोल विचारा.

दोन्हींत दिलं काय, तर वेळ. बिलिंगवरच्या माणसाचं मोजमाप एरवी मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या यावर होतं. तिथे कंपनीने सांगितलं की या रांगेत ते मोजू नका. माझ्या दृष्टीने ही कुठल्याही चेकपेक्षा मोठी देणगी आहे, कारण ती देताना कंपनीने आपल्या रोजच्या चालीत बदल केला.

इऑनचीच आणखी एक पद्धत मला फार नेटकी वाटते. २००१ पासून दर महिन्याच्या ११ तारखेला त्यांच्या दुकानांत पिवळ्या रंगाची पावती मिळते. दुकानात परिसरातल्या संस्थांच्या नावांच्या पेट्या असतात. ज्या संस्थेचं काम पटतं तिच्या पेटीत आपली पावती टाकायची. पेटीत जमलेल्या पावत्यांच्या एकूण रकमेच्या एक टक्का इतक्या वस्तू त्या संस्थेला मिळतात. त्या शाखेत येणारे लोक त्या भागातलं काम निवडतात, आणि संस्थेलाही आपल्याच परिसरातल्या माणसांसमोर उभं राहून आपण काय करतो हे सांगावं लागतं.

आता तक्रार. आमचे मॅनेजर अडीच वर्षांनी बदलून गेले. नवीन आलेल्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण 'देणगीचा माल' हे शब्द तक्त्यातून गेले. सिस्टीममध्ये ते कुठे नव्हतेच. एका हाताने लिहिलेली ओळ होती, नवा तक्ता छापला तेव्हा गळाली. आम्ही दोनदा रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्यांदा विचारलं तर उत्तर मिळालं, हेड ऑफिसकडून लेखी हवं. हेड ऑफिसला मेल केला, त्यांनी शाखेशी बोला म्हणून कळवलं. चार महिने हे असं चाललं. त्या चार महिन्यांत निवारा केंद्रातल्या स्वयंपाकाच्या ताई मला रोज विचारायच्या आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. त्याच सुमारास त्या शाखेच्या दर्शनी भागात कंपनीच्या सामाजिक कामाचा मोठा फलक लागला. फलकावरचं काम खोटं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तरी गावातलं होतं. मी त्याच्यासमोर उभी राहून तो पूर्ण वाचला आणि मला रडू आलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की हे काम माणसाच्या चांगुलपणावर सोडू नका. मॅनेजरच्या बदलीच्या वेळी चाव्या, तिजोरी, स्टॉक यांचा चार्ज देतात, तसा परिसराशी असलेल्या नात्याचाही चार्ज द्या. कोणती संस्था कोणत्या वारी येते, कोणाला फोन करायचा, कोणत्या शाळेला काय कबूल केलंय. आणि मॅनेजरच्या वर्षाच्या मूल्यमापनात विक्रीशेजारी याला एक रकाना द्या. मोजलं जात नाही ते तक्त्यातून गळतंच.

एक गोष्ट लपवणार नाही. मोठी साखळी आली की आसपासच्या लहान दुकानांचं काय होतं, हा प्रश्न वाजवी आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाअखेरीस लहान गावांमधल्या वॉलमार्टच्या परिणामांचा अभ्यास सुरू केला, आणि तोच माल विकणाऱ्या जुन्या दुकानांना बसलेला फटका त्यांनी नोंदवला. जी लहान दुकानं मिटतात त्यांच्यासोबत उधारीची वही, ओळख, अडीनडीला उघडलेलं शटरही जातं. माझ्या मते म्हणूनच मोठ्या शाखेवर जास्त जबाबदारी येते. जागा घेतली तर त्या जागेचं कामही घ्यायला हवं.

आणि दुकान परिसराचं काही देणं लागतं, ही कल्पना नवी थोडीच आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस जणांनी टोड लेनवर सहकारी दुकान उघडलं. पुढे त्याच दुकानाच्या वर वाचनालय सुरू झालं, आणि नफ्यातले अडीच टक्के शिक्षणासाठी ठेवायचं ठरलं. खाली पीठ-साखर, वर पुस्तकं. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने १९९५ मध्ये मँचेस्टरला परिसराविषयीची आस्था हे आपलं सातवं तत्त्व म्हणून लिहून घेतलं, तोवर त्या दुकानाला दीडशे वर्षं होऊन गेली होती.

आमच्या शाखेचं पुढे काय झालं ते राहिलंच. चार महिन्यांनी एका संध्याकाळी फोन वाजला. पूर्वी ज्याच्या नावापुढे ते शब्द लिहिलेले असायचे तो मुलगा आता शिफ्टचा इन्चार्ज झाला होता. म्हणाला, "ताई, आज नऊ क्रेट आहेत. मी नवीन साहेबांकडून लेखी घेतलंय आणि तक्ता कॉम्प्युटरवर आहे, तिथेच टाकलंय आता. येताय ना?"

आज पुन्हा जायचं आहे. गाडीत जागा करून ठेवली आहे. आणि आमच्या गटाला रविवारी गाडी चालवू शकेल असं कोणीतरी हवंय, जमत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.