सहा मैल चाललो आणि पोचलो पार्किंगलाच

इंग्लंडात स्विंडनला राहायला आल्यापासून आमच्या घरात एक आजार शिरलाय, त्याचं नाव सर्क्युलर वॉक. म्हणजे गाडी कुठल्यातरी खेड्यात लावायची, शेताशेतातून चिखल तुडवत पाच-सहा मैल हिंडायचं, वाटेत पुरातन दगड आणि मेंढरं बघायची, आणि दमूनभागून परत त्याच गाडीपाशी यायचं. मी नागपूरचा. आमच्याकडे माणूस चालतो ते कुठंतरी पोचायला, किंवा डॉक्टरने दम दिला म्हणून, आणि तेही फुटाळा तलावापर्यंत, मग तिथे भाजलेलं कणीस खाऊन ऑटोने घरी. पण बायको पुण्याची, कॉलेजात दर रविवारी सिंहगड चढलेली, तिच्या पायात काहीतरी वळवळत असतं. गल्लीतले गोवेकर शेजारी शनिवारी सकाळी मासे तळत असतात, तो वास सोडून मी बूट चढवतो, याला संसार म्हणतात.

यंदा मे महिन्यात बाबा आले. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, वय ७१, गुडघे माझ्यापेक्षा धड. बायकोने लगेच जाहीर केलं, बाबांना एव्हबरी दाखवायचं. स्विंडनपासून गाडीने अर्धा तास, स्टोनहेंजचाच मोठा भाऊ, जगातलं सगळ्यात मोठं दगडांचं वर्तुळ, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं वगैरे. बाबा म्हणाले, "दगड पाहाले मी काऊन येऊ? आपल्या जुनापाणीला आहेत की." मला वाटलं टाळायला काहीतरी सांगून राहिले.

पार्किंगचे पैसे भरून निघालो. बायकोच्या गळ्यात तो केशरी कव्हरचा नकाशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एखाद्या ताईतासारखा. त्यात हिरव्या तुटक रेषा असतात, त्या म्हणजे पब्लिक फुटपाथ, म्हणजे शेत कोणाचंही असो, त्या रेषेवरून तुम्हाला चालायचा कायदेशीर हक्क. बाबांना हे पटेना. "दुसऱ्याच्या वावरातून? आणि तो काही म्हणत नाही?" त्यांची अर्धी नोकरी पांदण रस्त्यांच्या भांडणात गेलेली, कोणी धुरा कोरला, कोणी काट्या लावल्या, आणि इथे शेतकऱ्याने स्वतः पाटी लावून फाटक करून दिलेलं. पाटीला त्यांनी हात लावून पाहिलं, खरी आहे का ते.

फाटकाला इथे किसिंग गेट म्हणतात. हे मी बाबांना सांगितलं नाही. ते एका लाकडी खुराड्यात झुलणारं फाटक असतं, तुम्ही आत शिरायचं, कोपऱ्यात सरकायचं, फाटक अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि सुटायचं. गायीला हे गणित जमत नाही म्हणून गाय आत राहते. बाबा छत्री, थर्मास आणि तिखट पुऱ्यांची थैली घेऊन शिरले आणि त्यांनाही जमेना, पुढे ढकलावं तर छत्री अडकते, मागे यावं तर थैली, मागे एक गोरं जोडपं त्यांच्या दोन कुत्र्यांसह शांतपणे उभं, सॉरी तेच म्हणतायत. शेवटी थैली वरून काढली, मग छत्री, मग बाबा.

पुढे सिल्बरी हिल. टेकडी दिसते, पण माणसांनी रचलेली, युरोपातला सगळ्यात मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित ढिगारा, उंची ४० मीटरच्या आसपास. वर चढायला बंदी. आत काय आहे म्हणून १७७६ मध्ये वरून विहीर खणली, १८४९ मध्ये बाजूने बोगदा घातला, १९६८ मध्ये पुन्हा एक, ना राजा सापडला ना सोनं. मी कंटाळून वाचून दाखवत होतो की यात सुमारे अडीच लाख घनमीटर माल आहे, आणि बाबा एकदम जागे झाले. बोटांवर हिशोब. "म्हणजे ८८ हजार ब्रास!" रस्त्याकडेला उभं राहून त्या ढिगाऱ्याकडे ते असं पाहत होते जसं कोणी ताजमहालाकडे पाहतं. "ट्रक नाही, जेसीबी नाही. आणि रॉयल्टी कोणी भरली असंल?"

मग वेस्ट केनेटचा लाँग बॅरो, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं सामुदायिक थडगं, शंभर मीटर लांब. चढ आहे, चुनखडीचा पांढरा चिखल आहे, आमची काळी माती बुटाला चिकटते पण निदान ओळखीची तरी वाटते. आत वाकून जाता येतं. आत दगडाच्या खोल्या, आणि एका कोपऱ्यात वितळलेली मेणबत्ती, सुकलेली फुलं, कणसं. इथे जुन्या देवांना मानणारे लोक येऊन ठेवून जातात. बाबा ताडकन मागे सरले. "कोणी उतारा ठेवलाय बे. ओलांडू नको." मग बाहेर, तरी बॅरोपासून चांगलं पन्नास पावलं लांब जाऊन, त्यांनी पुऱ्या उघडल्या.

ईस्ट केनेट गावात पब आहे असं बायको म्हणाली होती. नव्हता. नकाशावर तिने जे पाहिलं ते पीएच, म्हणजे पब्लिक हाऊस, नव्हतं, पी होतं, आणि पी म्हणजे काय हे सांगायचं तिने आजपर्यंत टाळलंय. पोटात चार पुऱ्या, आणि पुढे गायी. मला गायींची भीती वाटते हे मी नागपुरात कधी कबूल केलं नाही, तिथली गाय रस्त्यात बसते, आपल्या व्यापात असते. इथली मात्र वीस जणींसकट वळून पाहते आणि मागे मागे येते. बाबा "हाड, हाड" करत मधून गेले, मी त्यांच्या छत्रीआड, वय ४३.

ओव्हर्टन हिलवरून वळलं की अव्हेन्यू लागतो, दोन्ही बाजूंनी उभ्या दगडांच्या जोड्या, एक उंच-सडपातळ, एक रुंद, कोणी म्हणतं हे नर-मादी. पूर्वी शंभरेक जोड्या होत्या. मधल्या काळात गावकऱ्यांनी कितीतरी दगड पुरले, सतराव्या-अठराव्या शतकात जाळ करून तापवून गार पाणी ओतून फोडले आणि घरं बांधली, मग १९३० च्या दशकात मार्मालेडच्या धंद्यातल्या पैशावर अलेक्झांडर केलर नावाच्या माणसाने पुष्कळसे उकरून पुन्हा उभे केले. १९३८ मध्ये एका दगडाखाली चौदाव्या शतकातल्या माणसाचा सांगाडा निघाला, जवळ कात्री. न्हावी असावा म्हणतात. दगडांच्या वर्तुळात आता अर्धं गाव आहे, मधून डांबरी रस्ता जातो. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला: "अतिक्रमण. नियमित केलेलं."

आणि मग वर्तुळाच्या ऐन मध्यावर पब. छपरावर गवत, आत काचेच्या टेबलाखाली खरी खोल विहीर. मी पाइंट घेतली, बाबांनी लेमोनेड आणि मीठ झटकून चिप्स. पाय लांब केले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि विचारलं, गाडी किती लांब आहे आता. म्हटलं, पाच मिनिटं.

बाबांनी चिप्स खाली ठेवली.

"म्हणजे सकाळी गाडी लावली तिथून हे पाच मिनिटावर होतं?"

"हो."

"आणि आपण सहा मैल जाऊन आलो."

बायको विहिरीत बघत होती. एकदम फार मन लावून.

बाबा परत गेले त्याला दोन महिने झाले. गेल्या रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, काटोल रोडवर झुडपातलं दगडांचं वर्तुळ, त्यांचे दोन मित्र, छत्री. जुनापाणीला अशी तीनेकशे वर्तुळं आहेत, लोहयुगातली, एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबाने खणलेली, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, आणि मी आयुष्यात पाहिली नाहीत. खाली बाबांचा मेसेज: "पार्किंग फुकट. चहाची टपरी आधी लागते, मग दगड."

बायकोने फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. काल रात्री ती सॅटेलाइट नकाशावर काटोल रोडच्या आजूबाजूच्या पांदणी शोधत होती.

"हे बघ ना," म्हणाली, "इथून वळलो तर गोल होतंय."