भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात फाईल बसत नाही

पर्यावरणावर कुठेही बोलणं निघालं की कोणीतरी जाणता माणूस म्हणतोच, "बदलाला वेळ लागतो हो." सगळे माना डोलावतात. मला हल्ली या वाक्याचा राग येतो. गोव्यात वेळ कशाला लागतो आणि कशाला मुळीच लागत नाही, हे आपण रोज बघतो की!

खाजनंच घ्या. राज्यात सुमारे 18,000 हेक्टर. खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवरची ही शेतं मातीच्या बांधांवर आणि मानशींवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, तगून आहेत. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच मानशीचं दार लागतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. ना वीज, ना पंप.

आता कुर्लीनं, म्हणजे खेकड्यानं, बांध पोखरला. झिरपा दिसला त्याच दिवशी दोन माणसं, चिखल आणि पेंढा एवढ्यावर भागतं. दुर्लक्ष झालं तर अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. मग दिवसातून दोनदा पाणी आत, दोनदा बाहेर, आणि प्रत्येक खेपेला खांडीच्या कडा ढासळत जातात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, जोर कमी. बुजवायची तर तेव्हाच, कारण पुढं पौर्णिमा उभी असते. म्हणजे हातात जेमतेम आठवडा. आणि आपल्याकडे तेवढ्यात इस्टिमेटवर सहीसुद्धा होत नाही, निविदा तर लांबच.

खारं पाणी शिरायला एक रात्र पुरते. तेच मीठ धुऊन निघायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात. कोरगूट हे इथलं भात खारं सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. शेत पडीक राहिलं की खारफुटी उगवते, तिला कायद्याचं संरक्षण (असायलाच हवं, पण शेतकऱ्यानं करायचं काय?), आणि मग कोणीतरी म्हणतं, इथं आता शेती होतच नाही, बांधकामासाठी जमिनीचं रूपांतर करून टाका. ते मात्र झटपट व्हावं म्हणून 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आलं.

पूर्वी बांधांची जबाबदारी गांवकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, होती. 1964 च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क दिला. हवाच होता तो. पण बांध राखण्याचं काम कूळ संघांकडे, म्हणजे कसणाऱ्यांच्या संघटनांकडे, आलं तेव्हा त्यामागची जुनी शिस्त आणि पैसा त्यांच्याकडे आला नाही. हक्क एका कायद्यानं मिळतो, रात्री उठून बांधावर जायची सवय तशी मिळत नाही. तिथं खरोखरच वेळ द्यायला हवा होता, आणि तिथंच आपण दिला नाही.

खाणींचंही तसंच. 2010-11 च्या तेजीत वर्षाला 4 कोटी टनांच्या वर लोहखनिज बाहेर गेलं. 2012 ला बंदी, पुन्हा सुरू, 2018 ला पुन्हा बंद. ट्रकांवर कर्ज काढलेल्यांना सावरायला सवडच मिळाली नाही. मधल्या काळात, 2014 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली होती. किती वेगानं काढायचं हे आधीच कोणी ठरवलं असतं तर डिचोली-सांगे या खाणींच्या तालुक्यांची एवढी फरपट झाली नसती, असं माझं मत.

तेव्हा बांधाबद्दल माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कूळ संघाकडे तातडीचा निधी असू दे, जो खांड पडल्याच्या दिवशी खर्च करता येईल. हिशेब मागाहून घ्या, ऑडिट लावा. पैसे खातील म्हणता? खातील थोडे, वेळेवर न बुजवलेल्या खांडीचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. आणि मानशीवर मासळी धरायच्या हक्काचा लिलाव दरवर्षी होतोच ना? त्याची रक्कम आधी या निधीत पडू दे. मासळीसाठी भरतीला दार उघडं ठेवणाऱ्या लिलावदाराचा ठेका तिथल्या तिथे रद्द करा. गावात कोण ठेवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.