राजकारणाने लेखिका खाल्ली म्हणे!

डॉमिनिका म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना एकच गोष्ट आठवणार, २०२३ च्या जुलैमधली टेस्ट. आपल्या मुंबईच्या यशस्वीने पदार्पणातच १७१ ठोकले, अश्विनने दोन्ही डावांत मिळून १२ विकेट काढल्या आणि विषय संपला. मी पण ती मॅच बघतच होते आणि मधल्या वेळात सहज मोबाईलवर बघायला गेले की हे रोझो नावाचं गाव नक्की आहे तरी कुठे, आणि तिथून जी घसरले ती रात्री दोन वाजेपर्यंत फिलिस शँड ऑलफ्री या लेखिका आणि राजकारणी बाईंबद्दलच वाचत बसले. तेव्हापासून डोक्यात आहे, आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते.

आधी एक. डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं, ते हे नाही. हे कॅरिबियनमधलं डोंगराळ बेट, साधारण ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. स्वतंत्र झालं १९७८ मध्ये, त्याआधी ब्रिटिशांची वसाहत. रोझो ही राजधानी, पण आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी.

फिलिसबाईंचा जन्म इथलाच, १९०८ चा. घरचे गोरे, पिढ्यान् पिढ्या बेटावर राहिलेले. वडील सरकारी वकील, आईचे वडील 'सर' किताबवाले नामांकित डॉक्टर. म्हणजे काळ्या लोकांच्या देशात मूठभर गोऱ्यांपैकी एक, आणि वरच्या थरातली. विशीच्या आतच बेट सोडलं, अमेरिकेत गेल्या, लग्न केलं, मग लंडन. तिथे मजूर पक्षाच्या, फेबियन मंडळींच्या (हळूहळू सुधारणा करत समाजवाद आणू म्हणणारे) नादी लागल्या (चांगल्या अर्थाने!), नेओमी मिचिसन या लेखिकेची सेक्रेटरी म्हणून काम केलं, युद्धात बॉम्बने घरं गेलेल्या लोकांसाठी राबल्या.

आणि १९५३ मध्ये कादंबरी आली, 'द ऑर्किड हाउस'. तीन गोऱ्या बहिणी बऱ्याच वर्षांनी आपल्या बेटावर परत येतात आणि हे सगळं सांगते कोण, तर त्यांना लहानपणी सांभाळणारी म्हातारी काळी दाई, लॅली. त्यातली मधली बहीण जोन येते ती कामगारांना एकत्र करायचं डोक्यात घेऊन. आता गंमत बघा, पुस्तक ५३ चं, आणि ५४ मध्ये नवऱ्याला लिंबाच्या सरबतवाल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून बाई खरोखरच बेटावर परत, आणि ५५ मध्ये ख्रिस्तोफर लोब्लॅक या कामगार पुढाऱ्याबरोबर डॉमिनिका लेबर पार्टी काढली, बेटावरचा पहिला राजकीय पक्ष! लोक आधी जगतात मग आत्मचरित्र लिहितात, या बाईने आधी लिहिलं आणि मग तसं जगायला गेली. मला या एका गोष्टीचंच इतकं अप्रूप वाटलं ना.

सगळ्या प्रौढांना मताचा हक्क मिळाल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. १९५८ मध्ये ब्रिटिशांच्या दहा वसाहतींचं मिळून वेस्ट इंडीज फेडरेशन झालं, बाई निवडून आल्या आणि थेट केंद्रात कामगार आणि समाजकल्याण मंत्री, मंत्रिमंडळात एकटी बाई. मुक्काम पोस्ट त्रिनिदाद.

इथेच घात झाला. कारण छोट्या देशात राजकारण म्हणजे रोज बाजारात तोंड दिसणं, आणि बाई तीन-चार वर्षं दुसऱ्या बेटावर. तोवर इकडे एडवर्ड लब्लाँने पक्ष हातात घेतला, ६१ ची निवडणूक जिंकली, मुख्यमंत्री झाला. तिकडे जमैकाने जनमत घेऊन फेडरेशनमधून अंग काढलं, त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले दहातून एक गेला की उरतं शून्य, आणि मे ६२ मध्ये सगळा डोलारा कोसळला. बाई घरी आल्या, वर्तमानपत्रात आपल्याच पक्षाच्या सरकारवर टीका केली आणि स्वतः काढलेल्या पक्षातूनच बाहेर काढल्या गेल्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

आता लब्लाँला व्हिलन करायचा मोह होतो, मलाही झाला. पण जरा थांबून विचार केला तर तो खेड्यातला माणूस, लोकांच्या क्रेओल भाषेत (फ्रेंचवरून आलेली तिथली बोली) बोलणारा, आणि शतकानुशतकं गोऱ्यांच्या मळ्यांवर राबलेल्या लोकांना आपला पुढारी आपल्यातला हवासा वाटला यात चूक काय? बाईंची कळकळ खरी होती (घरात बेटावरचीच तीन मुलं दत्तक घेतलेली), पण आडनाव शँड होतं, त्याला काय करणार. दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा जास्त त्रास होतो.

पुढचं वाचून मात्र पोटात कालवलं. मंत्री राहिलेली बाई, पैसा नाही, आणि १९६५ पासून नवरा-बायको मिळून 'डॉमिनिका स्टार' नावाचं छोटं साप्ताहिक चालवतायत. ६८ मध्ये सरकारने छापील लिखाणावर बंधनं आणणारा कायदा केला, लोक त्याला 'तोंड बंद करा' कायदाच म्हणायचे, त्याविरुद्ध जी माणसं उभी राहिली त्यात बाई होत्याच. त्या आंदोलनातून फ्रीडम पार्टी निघाली आणि तिच्या युजिनिया चार्ल्स १९८० मध्ये पंतप्रधान झाल्या, इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधल्या पहिल्या महिला पंतप्रधान. बाईंच्या वाट्याला मात्र ७७ मध्ये मुलीचा आफ्रिकेत अपघाती मृत्यू आणि ७९ मध्ये बेट झोडपून काढणारं डेव्हिड वादळ.

सगळीकडे लिहिलेलं सापडतं की राजकारणाने एक चांगली लेखिका खाल्ली. दुसरी कादंबरी मंत्रिमंडळावरचीच, ती अर्धीच राहिली. आणि मग हमखास जीन ऱ्हिस या कादंबरीकार बाईशी तुलना, कारण ती पण रोझोचीच (एवढ्याशा गावात दोन दोन! आणि दोघींची मैत्री, पत्रव्यवहार), ती राजकारणात पडली नाही आणि जगभर गाजली. मला हे अजिबात पटत नाही. सतरा वर्षं दर आठवड्याला अंक काढणं हे लिहिणं नव्हतं का? ते पुठ्ठ्यात बांधलेलं नाही म्हणून मोजायचं नाही? आणि ज्या गावात मुख्यमंत्री समोरून चालत येतो तिथे त्याच्याविरुद्ध छापायला जे लागतं ते लंडनमध्ये बसून कादंबरी लिहायला लागत नाही, सॉरी. (कादंबरीवाल्यांनी चिडू नका, मी पण कादंबऱ्याच वाचते.)

१९८२ मध्ये 'स्टार' बंद पडलं. आणि त्याच वर्षी लंडनच्या विरागो प्रकाशनाने 'ऑर्किड हाउस' पुन्हा छापली, तीस वर्षांनी लोकांना बाई आठवल्या. ८६ मध्ये त्या गेल्या, गरिबीतच. ९१ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने कादंबरीवर सीरियल केली, शूटिंग डॉमिनिकातच.

कादंबरी मिळते हो, शोधली की मिळते. मला 'स्टार'चे जुने अंक वाचायचेत. कुणाला स्कॅन वगैरे कुठे दिसले तर कमेंटमध्ये लिंक टाका प्लीज.